खट्, फुस्स, धडाम!

जामच्या चौकात कधी एसटीची वाट बघत उभे राहिलायत? नागपूरहून येणारा रस्ता इथे फुटतो. एक फाटा हिंगणघाटवरून हैदराबादकडे जातो, दुसरा वरोऱ्यावरून चंद्रपूरकडे. ट्रकांची रांग, चहाच्या टपऱ्या आणि ‘येतेच आता’ म्हणत न येणारी गाडी. अशा वेळी आपण मोबाईल काढतो. आणि एकदा काढला की यूट्यूब आपल्याला कुठे नेऊन सोडेल याचा नेम नाही.

आमच्या ओळखीतल्या एका पोराला त्याने थेट अमेरिकेतल्या एका गॅरेजात नेऊन सोडलं. पोरगा मेकॅनिकल डिप्लोमाचा, शेवटच्या वर्षाचा, हात शिवशिवणारा. व्हिडिओत एक आजोबा खोका उघडत होते. आत एक लांबलचक नळी, अर्धवट कोरलेलं लाकूड, पितळेचे तुकडे, स्क्रूंची पुडी. मालिकेच्या शेवटच्या भागात त्याच खोक्यातून अडीचशे वर्षांपूर्वीच्या घाटाची बंदूक उभी राहिली. पोरगा पार येडा झाला. पुढच्या आठवड्यात तो जे करायला निघाला होता, ते झालं असतं तर आज तो कॉलेजात नाही, कोर्टाच्या तारखांना दिसला असता. पण ते पुढे सांगतो. आधी त्याला येड का लागलं ते समजून घ्या, कारण ते तुम्हालाही लागू शकतं.

ही ठासणीची बंदूक. म्हणजे काडतूस वगैरे भानगड नाही. नळीच्या तोंडातून दारू घालायची, वर शिशाची गोळी, आणि गजाने ठासायची. नळी आतून गुळगुळीत असेल तर ती साधी बंदूक. आत पिळदार आटे पाडलेले असतील तर गोळी स्वतःभोवती फिरत, सरळ जाते, ती रायफल. अठराव्या शतकात जर्मनीकडून पेन्सिल्व्हेनियात गेलेल्या कारागिरांनी अशा लांब नळीच्या रायफली घडवल्या. आजचे हौशी लोक किटमधून बनवतात त्या बहुतेक याच वाणाच्या.

दारू पेटवायची कशी, हा खरा प्रश्न. आपल्याकडे आधी होती तोड्याची बंदूक. तोडा म्हणजे धुमसती दोरी. चाप ओढला की तिचं जळतं टोक कानाजवळच्या बारीक दारूवर, म्हणजे रंजकावर, टेकायचं. सोपं काम, पण दोरी सतत पेटती ठेवा, अंधारात तिचा लाल ठिपका शत्रूला दिसणार, आणि पाऊस आला की बोंबला. त्यानंतरची युक्ती गारगोटीची. घोड्याच्या जबड्यात कातड्याच्या तुकड्यात धरलेली गारगोटी. समोर उभी पोलादी पट्टी, आणि तिचाच खालचा भाग रंजकाच्या वाटीचं झाकण. चाप ओढला की घोडा झेपावतो, गारगोटी पोलादावर घासते, त्याच धक्क्याने झाकण उघडतं आणि ठिणग्या बरोबर वाटीत पडतात. खट्! रंजक पेटतं, फुस्स! कानाच्या बारीक भोकातून आग आत जाते, धडाम! तीन वेगळे आवाज, आणि त्यांच्या मधल्या त्या क्षणभरात नेम हलू द्यायचा नाही. आत जाळ पोचलाच नाही तर नुसतं फुस्स होऊन सगळं थांबतं.

आता एक प्रश्न. ठिणगी कशाची? दगडाची, असंच आपल्याला वाटतं ना? दहापैकी नऊ जण असंच सांगतील. पण ठिणगी असते पोलादाची. गारगोटी पोलादाहून कठीण असते, ती पोलादाचा केसाएवढा कीस काढते, आणि तो कीस घर्षणाने इतका तापतो की हवेत पेटतो. वर्कशॉपात ग्राइंडरवर लोखंड धरल्यावर फुलबाजा उडतो, तोच हा प्रकार. दगड मात्र कुठलाही चालत नाही. जामहून फार लांब नसलेल्या गिरडच्या टेकडीवर सुपारीसारखे गोल दगड मिळतात. शेख फरीदबाबांची थट्टा करणाऱ्या व्यापाऱ्यांच्या मालाचे दगड झाले, अशी त्यांची गोष्ट सांगतात. भूगर्भवाले त्यांना झिओलाइट म्हणतात. ते मऊ, पोलादापुढे त्यांचाच भुगा होईल. गारगोटी कठीणपणाच्या मापावर सातच्या आसपास, म्हणून तीच हवी. आपल्या काळ्या बेसॉल्टच्या पोकळ्यांत ती तयार होते. नांगरलेल्या शेतात पांढुरकी, काचेसारखी चमकणारी खडी दिसते ना, ती. चिलीम पेटवायला कमरेला चकमक आणि कापूस बाळगणारी म्हातारी माणसं गावातल्या थोरांना अजून आठवतील, विचारून बघा.

किट बनवणाऱ्याचा खरा कस मात्र आतल्या कळीत लागतो. एका तळहाताएवढ्या पट्टीवर तीन स्प्रिंगा बसलेल्या असतात. सगळ्यात जाड घोड्याला उडवते, दुसरी खाचेत अडकणारी पट्टी दाबून धरते, तिसरी बाहेर, झाकणाला जागेवर ठेवते. आणि इथे पोलादाचं कौतुक आहे. ठिणगी पाडणारी पट्टी कडक हवी, म्हणून ती लालभडक तापवून एकदम बुडवायची. लोहार याला ‘पाणी पाजणं’ म्हणतो, विळ्याला पाजतो तसंच. पण स्प्रिंगला एवढंच केलं तर ती काचेसारखी तुटेल. म्हणून पाणी पाजून झाल्यावर तिला पुन्हा हळूहळू तापवायचं. घासून चकचकीत केलेल्या पोलादावर आधी पिवळी छटा येते, मग तपकिरी, मग जांभळी, मग निळी. निळी आली की थांबायचं. थर्मामीटर नाही, रंग बघायचा. हे तुमच्या मटेरियल सायन्सच्या पुस्तकात आलेख म्हणून आहे आणि परीक्षेत तो सहा मार्कांना येतो. रंग किती जणांनी पाहिलाय?

लाकडाचं कामही तसंच चिवट. नळी आणि कळ लाकडात अशी बसली पाहिजे की मध्ये नखही जाऊ नये. त्यासाठी धातूला काजळी फासून लाकडावर दाबतात. जिथे काळा डाग उठतो तिथे लाकूड अडतंय. तेवढंच पटाशीने खरवडायचं, पुन्हा काजळी, पुन्हा दाबायचं. हे शेकडो वेळा. हल्ली काही कंपन्या सीएनसी मशीनवर इतकं नेमकं कोरून देतात की हे काम जवळजवळ उरत नाही. माझ्या मते मग मजाही उरत नाही. उलट टोकाला वॉलेस गस्लर. व्हर्जिनियातल्या विल्यम्सबर्गच्या संग्रहालय-गावात त्यांनी नळीपासून स्क्रूपर्यंत सगळी रायफल जुन्या पद्धतीने हातांनी घडवली. त्यावर 1969 साली माहितीपट निघाला, तो जरूर बघा.

हे सगळं तिकडचंच, असं समजू नका. महादजी शिंद्यांच्या फौजेसाठी आग्र्यात संगस्टर नावाचा स्कॉटिश माणूस तोफा ओतायचा आणि गारगोटीच्या बंदुका बनवायचा. युरोपातल्या मालाच्या तोडीची बंदूक दहा रुपयांना पडायची, असं लिहून ठेवलंय. 1803 च्या असईच्या लढाईत, आजच्या जालना जिल्ह्यात, इंग्रजांसमोर शिंद्यांची हीच कवायती पलटण उभी होती. त्याच वेळी तोड्याची बंदूकही चालू होतीच. 26 आणि 27 नोव्हेंबर 1817 ला नागपुरात सीताबर्डीच्या टेकड्यांवर कंपनीच्या शिपायांकडे गारगोटीच्या बंदुका होत्या आणि भोसल्यांच्या चाकरीतल्या अरबांकडे लांब तोड्याच्या. निकाल काही नुसत्या बंदुकीने लागला नाही. पण तोडा इतका का टिकला याचं कारण साधं आहे. त्यात बिघडण्यासारखं फार काही नसतं, गावचा लोहार दुरुस्त करू शकतो. गारगोटीच्या कळीला चांगली स्प्रिंग लागते.

मग ही हस्तकला गेली कुठे? 1857 नंतर इंग्रजांनी नि:शस्त्रीकरण सुरू केलं आणि 1878 च्या शस्त्र कायद्याने परवान्याशिवाय शस्त्र बाळगणं, बनवणं बंद झालं. गंमत म्हणजे या कायद्यावर सर्वांत जहाल टीका करणाऱ्यांत गांधीजी होते. 1918 मध्ये खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीसाठी काढलेल्या पत्रकात त्यांनी त्याला इंग्रजी राजवटीच्या सगळ्यात काळ्या कृत्यांत धरलं होतं. आपल्या वर्धा जिल्ह्यातल्या सेवाग्रामला ते पुढे 1936 मध्ये राहायला आले.

तर आपला पोरगा. त्याने कागदावर नळीचं माप काढलं आणि ओळखीच्या लेथवाल्या काकांकडे गेला.

‘‘काका, एवढा पाइप आतून बोअर करून द्या ना.’’

काकांनी कागद उलटासुलटा केला. ‘‘हे काय होय बे?’’

‘‘प्रोजेक्ट आहे.’’

‘‘कायचा प्रोजेक्ट? एका बाजूनं बंद, बाजूले बारीक छेद... मले येडा समजतं का तू? तुह्या बापाले फोन लावू का?’’

काकांनी कायदा वाचलेला नव्हता, पण बरोबर ओळखलं. 1959 च्या शस्त्र कायद्यात ‘शस्त्र’ या शब्दात शस्त्राचे भागही येतात. म्हणजे पूर्ण बंदूक तर सोडाच, परवान्याशिवाय नुसती नळी बनवली तरी अडकलात. 2019 च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना शस्त्र बनवण्याला किमान 7 वर्षं, जास्तीत जास्त जन्मठेप. ‘जुन्या पद्धतीची आहे’, ‘शोभेची आहे’ ही सबब चालत नाही. सूट आहे ती जुनाट किंवा पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या हत्याराला, तेही दुरुस्त करूनसुद्धा झाडता येणार नसेल तर. अमेरिकेत उलटं. 1968 च्या तिथल्या केंद्रीय कायद्यानुसार गारगोटीची बंदूक ‘फायरआर्म’च्या व्याख्येत बसत नाही, म्हणून त्या आजोबांकडे खोका घरपोच येतो. तो व्हिडिओ बघताना हा फरक कुणी सांगत नाही.

आपल्याकडे ठासणीची बंदूक आजही कायद्यात आहे, पण शेतकऱ्यासाठी. पिकाच्या राखणीसाठी तिचा परवाना मिळण्याची तरतूद त्याच कायद्यात आहे. कोकणात असे परवानाधारक बरेच आहेत आणि निवडणूक आली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा करायला त्यांची रांग लागते. रानडुकरांनी झोपलेलं सोयाबीन ज्यांनी पाहिलंय त्यांना ही तरतूद का आहे ते सांगायला नको. आणखी एक गमतीची गोष्ट. अमेरिका-कॅनडात जुन्या लढायांचे प्रयोग करणारे हौशी लोक खांद्यावर घेतात त्यातल्या कितीतरी बंदुका भारतात बनलेल्या असतात. त्या इथून निघताना कानाचं भोक पाडलेलं नसतं. दीडेक मिलिमीटरचं भोक. तेवढं नाही म्हणून ती शोभेची वस्तू.

पोराने काय केलं? नळीचा नाद सोडला, कळ धरली. तीही धातूची नाही. प्लायवूडवर दहापट मोठी, घोडा, खाचांची चकती, अडकणारी पट्टी, झाकण, सगळं उघडं दिसेल असं. त्यात ना दारू जाते ना गोळी, पण दोन टप्प्यांवर घोडा अडतो आणि सुटतो ते हाताला कळतं. अस्सल पाहायची तर नागपूरच्या अजब बंगल्यात जा. 1863 सालचं मध्यवर्ती संग्रहालय, जामहून सत्तर-पंचाहत्तर किलोमीटर. जुनी बंदूक दिसली की नळीकडे नाही, तिच्या कुशीकडे बघा. दोरी धरायचा वाकडा चिमटा असेल तर तोड्याची. स्क्रूने आवळायचा जबडा असेल तर गारगोटीची.

प्लायवूडची कळ सध्या अर्ध्यावर आहे. रबर लावून बघितलं, दम नव्हता. मग पोलादी पट्टीची स्प्रिंग केली, ती दोनदा तुटली. आता तो आठवडी बाजाराच्या दिवशी लोहाराकडे जाऊन बसतो. लोहार म्हणाला, ‘‘लाल करून बुडवलं, बरं केलं. पण निळं कोण करन?’’