लांब घंटा, बूट माफ!

युनिफॉर्मची तपासणी रोज, सुरक्षेची वर्षातून एकदा. मानखुर्दच्या एका सहा वर्षांच्या मुलीच्या बुटांनी मला शिकवलेला धडा...

सकाळचे सहा चाळीस. मानखुर्दमधली एक सोसायटी, चौथा मजला. ताई कुकर, स्वतःचा डबा आणि हार्बरची लोकल या तिघांशी एकाच वेळी झुंजतेय. भाऊजी नाइट शिफ्टवरून अजून यायचेत. आणि 'फ्रीलान्सर म्हणजे काय, मोकळीच' या सार्वत्रिक गैरसमजापोटी पहिलीतल्या भाचीला तयार करायची ड्यूटी माझ्याकडे आलीये.

"माऊ, टाय वाकडा आहे."
"चालतंय गं."
"नाही चालत. टीचर लाइनीतून बाहेर काढतात."

टाय सरळ झाला. मग बेल्ट, दोन पट्ट्यांचे मोजे, निळ्या रिबिनी, खिशाला पिन केलेला रुमाल, गळ्यात आयकार्ड. शेवटी काळे बूट. त्यांची लेस बांधायला ती नुकतीच शिकतेय, त्यामुळे तीन मिनिटं नुसती त्यातच जातात. बाई जमिनीवर फतकल मारून बसतात, जीभ बाहेर काढतात आणि गाठ मारतात. मध्ये कुणी हात लावायचा नाही!

तेव्हा मला हे सगळं भारी गोड वाटायचं.

चाळीस मिनिटं मोज्यांची, एक मिनिट आगीचं

जूनमध्ये शाळेची पालकसभा होती. ताईला सुट्टी मिळाली नाही, म्हणून मी गेले. स्क्रीनवर प्रेझेंटेशन सुरू झालं आणि पुढची चाळीस मिनिटं फक्त युनिफॉर्म. कापड कुठलं, शिलाई कुठल्या दुकानातून, शनिवारी पीटी ड्रेसवर पांढरे कॅनव्हासच का, रिबिनीची रुंदी किती. पालकही हिरिरीने प्रश्न विचारत होते. एका बाबांनी तर बेल्टच्या बकलवर दोन शंका काढल्या.

शेवटी 'एनी क्वेश्चन्स?' झाल्यावर मी हात वर केला. "आग लागली किंवा गॅस वगैरे पसरला, तर मुलं कुठे जातात? आम्ही त्यांना घ्यायला कुठे यायचं?"

उत्तर आलं, "काळजी करू नका मॅडम, आपल्याकडे सगळीकडे सीसीटीव्ही आहेत."

हॉलमधल्या बऱ्याच माना समाधानाने हलल्या. माझी काही हलेना. कॅमेऱ्यात आग दिसेल हो, पण मुलं बाहेर कशी येतील?

या एका शाळेलाच कशाला बोल लावा? आपण सगळे असेच. महाराष्ट्रात २०२४-२५ मध्ये सरकारी आणि पालिका-जिल्हा परिषदांच्या शाळांसाठी 'एक राज्य, एक गणवेश' योजना आली. रंग कोणता, शिलाई कुणाची, मापं का चुकली, यावर भरपूर वाद झाला आणि पुढच्या वर्षासाठी गणवेशाचं काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे गेलं. मार्च २०२४ मध्ये तर शिक्षकांनाही ड्रेस कोड लागला, जीन्स आणि टी-शर्ट बाद! यातला प्रत्येक विषय चहाच्या टपरीपर्यंत पोचला. शाळेतला बाहेर पडायचा रस्ता मात्र कधी चर्चेत आल्याचं मला तरी आठवत नाही.

पत्ता : मानखुर्द

हा प्रश्न मुंबईत कुठेही विचारायला हवा, पण मानखुर्दला जरा जास्तच. ताईच्या गच्चीवर उभं राहून बघा. एका बाजूला देवनारचा कचऱ्याचा डोंगर, दुसरीकडे चेंबूर-माहुलच्या रिफायनऱ्या आणि खताचा कारखाना, खाली रात्रंदिवस अवजड ट्रक वाहणारे रस्ते. आणि या सगळ्याच्या मध्ये दाटीवाटीने वस्त्या, पुनर्वसनाच्या इमारती आणि शाळाच शाळा.

जानेवारी २०१६ च्या अखेरीस देवनारच्या डम्पिंग ग्राउंडला आग लागली. धूर इतका, की तो उपग्रहाच्या छायाचित्रांतही दिसला. परिसरातल्या पालिका शाळा बंद ठेवाव्या लागल्या. ८ ऑगस्ट २०१८ ला माहुलच्या भारत पेट्रोलियम रिफायनरीत स्फोट झाला, चाळीसहून अधिक जण जखमी झाले आणि आसपासच्या भागात हादरे जाणवले. वेळ? दुपारची. म्हणजे शाळेचीच. आणि २६ जुलै २००५ कोण विसरेल? सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस, मोबाइल बंद, आणि कितीतरी मुलांची रात्र वर्गात किंवा अडकलेल्या स्कूलबसमध्ये.

यातली मेख अशी, की प्रत्येक संकटाचं उत्तर वेगळं आहे. आग शाळेच्या आत लागली, तर इमारतीबाहेर पडायचं. विषारी वायू बाहेर पसरला, तर बहुतेक वेळा उलट : आत थांबायचं, खिडक्या-दारं लावायची, पंखे-एसी बंद करायचे, दाराखालच्या फटीत ओलं कापड कोंबायचं आणि सूचनेची वाट बघायची. पाणी भरलं, तर वरच्या मजल्यावर जायचं आणि मुलांना सोडायचंच नाही. म्हणजे एकच घंटा आणि एकच ड्रिल मानखुर्दच्या शाळेला पुरणार नाही.

धोका काय आहे हे कळणं हा तर आपला हक्कच. १९८४ च्या भोपाळ दुर्घटनेनंतर, १९८७ मध्ये कारखाने कायद्यात दुरुस्ती झाली. धोकादायक कारखान्याने आपल्याकडच्या धोक्यांची माहिती आजूबाजूच्या लोकांनाही द्यायची, असं त्यात आलेल्या कलम ४१-बीने सांगितलं.

जे घडून गेलंय

हे भीती घालण्यासाठी नाही. पण दोन गावांची नावं ठाऊक असायलाच हवीत.

तमिळनाडूतलं कुंभकोणम. १६ जुलै २००४. मध्यान्ह भोजनाच्या स्वयंपाकघरातली ठिणगी गवती छपरापर्यंत गेली आणि ९४ मुलं दगावली. सगळी प्राथमिक वर्गातली. याच घटनेनंतर दाखल झालेल्या अविनाश मेहरोत्रा यांच्या याचिकेवर १३ एप्रिल २००९ ला सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं, की शिक्षणाच्या हक्कात सुरक्षित शाळेचा हक्क येतोच. शाळेत आग विझवायची साधनं हवीत आणि ती वापरायचं शिक्षकांना प्रशिक्षणही हवं. २०१६ मध्ये राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने शाळा सुरक्षेची मार्गदर्शक तत्त्वं काढली. कागद, म्हणजे, आहेत.

दुसरं गाव हरियाणातलं डबवाली. २३ डिसेंबर १९९५. शाळेचा बक्षीस समारंभ, सिंथेटिक कापडाचा मंडप, बाहेर पडायला अपुरा रस्ता. चारशेहून अधिक माणसं गेली, त्यात मुलं खूप. आपल्याकडच्या गॅदरिंगचा सीन आठवा. मंडप, हॅलोजन, वायरींचं जाळं आणि भाड्याने आणलेले नायलॉनचे झगमगीत ड्रेस घातलेली पोरं. सुती कापड पटकन पेटतं. नायलॉन-पॉलिस्टर वितळून अंगाला चिकटतं. पूर्ण 'सेफ' असं यातलं काहीच नाही. म्हणून ज्वाळा आणि गरम दिवे लांब, बाहेरचे रस्ते मोकळे, आणि गॅदरिंगच्या ड्रेसखाली निदान सुती बनियन-पँट, एवढं तर आपल्या हातात आहे.

म्हणजे पोशाख आणि सुरक्षा हे दोन वेगळे विषय नाहीतच. हे मला पुस्तकातून कळायला हवं होतं, पण कळलं शाळेच्या पहिल्या मजल्यावर.

ड्रिलच्या दिवशी

माझ्या पालकसभेतल्या प्रश्नाचा परिणाम म्हणा की योगायोग, दीड महिन्याने शाळेने मॉक ड्रिल ठेवलं. बघायला चार पालकांना बोलावलं, त्यात मीही.

घंटा वाजली. मोठ्यांचे वर्ग शिस्तीत, थोडं खिदळत खाली उतरले. मैदानात रांगा लागल्या. तिसरी आली, दुसरी आली. पहिली काही येईना! एक टीचर वर गेल्या, त्यांच्यामागून मीही.

वर्गाच्या दारात बुटांचा ढीग होता. छोट्यांच्या वर्गात सतरंजी असते, म्हणून बूट बाहेर काढायचा नियम. आणि त्या ढिगाभोवती, बरोबर दारात, अख्खा वर्ग फतकल मारून बसला होता. जो तो आपापला बूट शोधत होता. माझी भाची जीभ बाहेर काढून लेसची गाठ मारत होती. घंटा वाजतेय, टीचर ओरडतायत, "अरे बूट राहू देत! चला!" आणि कुणी ढिम्म हलत नाही.

मी तिच्याजवळ वाकले. "सोनू, चल ना."

ती वैतागून म्हणाली, "माऊ, बूट न घालता बाहेर गेलं की टीचर रागावतात."

मी हसले. टीचरही हसल्या. आणि मग दोघींचंही हसू एकदमच ओसरलं.

कारण पोरगी बरोबर होती. तिने नियम मोडला नव्हता, पाळला होता. रोज सकाळी तपासला जाणारा, चुकला तर रांगेतून बाहेर काढणारा नियम. त्याच्यापुढे वर्षातून एकदा वाजणाऱ्या घंटेची काय बिशाद? घाबरल्यावर आपण कुणीच नवा विचार करत नाही, अंगवळणी पडलेलं करतो. ऑफिसच्या फायर ड्रिलमध्ये लॅपटॉपची बॅग घ्यायला परत वळणारे तुम्ही-आम्ही तरी वेगळे कुठे आहोत?

जपानी मुलांच्या पायात काय?

घरी येऊन मी जपानबद्दल वाचत बसले. भूकंपाचा देश, त्यांचं काहीतरी ठरलेलं असणारच. तर तिथेही मुलं शाळेत बाहेरचे बूट काढतात! पण आत आल्यावर 'उवाबाकी' नावाचे पांढरे, हलके, लेस नसलेले बूट घालतात. संकट आलं की त्याच बुटांनी थेट मैदानात. बदलाबदली नाही. अनेक शाळांत खुर्चीवर एक जाड गादीसारखी टोपी असते. एरवी बसायला, भूकंपात डोक्यावर. आणि ड्रिलचे नियम 'ओ-का-शी-मो' या एका शब्दात बसवलेत : ढकलायचं नाही, पळायचं नाही, बोलायचं नाही, परत फिरायचं नाही. सहा वर्षांच्या मुलाला बडबडगीतासारखं पाठ होईल इतकं सोपं.

तिथे वस्तू महागड्या नाहीत. फक्त रोजचा पोशाख आणि संकटाचा दिवस यांची गाठ आधीच मारून ठेवलीये.

आपल्याकडे काय जमेल? पहिली-दुसरीला लेसऐवजी वेल्क्रोचे बूट. गळ्याभोवती गाठीच्या टायऐवजी क्लिपचा टाय. आयकार्डची दोरी अशी, की ओढ बसली तर सुटेल. कार्डाच्या आतल्या बाजूला रक्तगट आणि दोन फोन नंबर. त्यातला एक शक्यतो दुसऱ्या भागात राहणाऱ्या नातेवाइकाचा. मुलाचं नाव रस्त्यावरच्या कुणालाही वाचता येईल असं मात्र नको. आणि तो पिन केलेला रुमाल? ओला करून नाकाला धरला तर धुराचा त्रास थोडा कमी होतो. पण तो गॅस मास्क नव्हे, हे मोठ्यांनी लक्षात ठेवायचं.

आमच्या शाळेचं म्हणाल, तर ड्रिलनंतर मुख्याध्यापिका बाईंनी सारवासारव केली नाही. बुटांचा रॅक दारातून हलवून भिंतीकडे गेला. दोन घंटा ठरल्या : एक लांब, म्हणजे बाहेर, एक तुटक, म्हणजे आतच थांबा. तासाला नाही, तर महिन्याला एकदा सराव. आणि पहिलीसाठी एक खास नियम, टीचरनी फळ्यावर लिहिलेला : 'लांब घंटा, बूट माफ!'

शाळेला हे विचारा

* शेवटचं मॉक ड्रिल कधी झालं? पहिलीच्या वर्गाला खाली यायला किती मिनिटं लागली?
* बाहेर पडायचे रस्ते किती? शाळेच्या वेळेत त्यांना कुलूप असतं का?
* बाहेर जमायची जागा कोणती? गॅस पसरला तर आत कुठे थांबवणार?
* संकटात मूल कुणाच्या ताब्यात देणार? ती यादी लेखी आहे का?
* आग विझवायचं यंत्र किती शिक्षकांनी स्वतः हातात घेऊन चालवलंय?
* फोनमध्ये सेव्ह करा : अग्निशमन दल १०१, आपत्कालीन मदत ११२, महापालिकेचा आपत्ती नियंत्रण कक्ष १९१६.

परवा ताईकडे राहायला होते. रात्री कुकरची शिट्टी जरा जास्तच लांबली, तशी भाची गृहपाठ टाकून अनवाणी दारात जाऊन उभी राहिली.

"माऊ, चल ना! आणि बॅग घ्यायची नाही हं."

मी लॅपटॉपकडे गेलेला हात मागे घेतला.