बर्फात वाट पाडणारी सारा बर्क

२० फेब्रुवारी २०१४ रोजी रात्री रशियातील सोची येथे हिवाळी ऑलिंपिकमधील स्त्रियांची पहिलीवहिली स्की हाफपाइप स्पर्धा झाली. अमेरिकेच्या मॅडी बोमनने सुवर्णपदक मिळविले, फ्रान्सच्या मारी मार्तिनोने रौप्य आणि जपानच्या अयाना ओनोझुकाने कांस्य. परंतु त्या रात्री या तिघींइतकेच आणखी एक नाव जाणकारांच्या तोंडी होते. ते नाव कॅनडाच्या सारा बर्कचे. तिला जाऊन त्या वेळी दोन वर्षे उलटली होती.

हा खेळ आपल्याकडे फारसा परिचयाचा नाही, म्हणून थोडा खुलासा केलेला बरा. वळचणीखालची पन्हळ सर्वांनी पाहिली आहे. तशीच एक प्रचंड पन्हळ डोंगरउतारावर बर्फात कोरावयाची. तिच्या भिंती २२ फूट उंचीच्या. खेळाडू पायांना स्की बांधून एका भिंतीवरून घसरत येतो, समोरच्या भिंतीवरून हवेत उसळतो, तेथे गिरक्या आणि कोलांट्या घेतो, आणि पुन्हा त्याच भिंतीवर उतरून पुढच्या उसळीला सिद्ध होतो. परीक्षक उंची, अवघडपणा आणि सफाई पाहून गुण देतात. एका झेपेतून दुसरी झेप सहज निघाली पाहिजे. मध्ये तोल गेला की सारी लय मोडते.

सारा ३ सप्टेंबर १९८२ रोजी ऑन्टारिओ प्रांतातील बॅरी येथे जन्मली आणि जवळच्याच मिडलँड गावी वाढली. आरंभी ती बर्फाच्या उंचवट्यांवरून उतरण्याच्या स्पर्धांत भाग घेई. १९९८ च्या सुमारास दोन्ही टोके वर वळलेल्या स्की बाजारात आल्या. त्यांच्यावरून उलटे घसरता येऊ लागले आणि नव्या खेळाला भर आला. परंतु त्यात स्त्रियांसाठी वेगळ्या स्पर्धाच जवळजवळ नव्हत्या. मग सारा पुरुषांच्या स्पर्धांत उतरू लागली, आणि संयोजकांकडे एकच लकडा तिने लावला : आम्हांलाही जागा द्या, आणि बक्षीसही पुरुषांइतकेच द्या.

नुसत्या मागणीने जागा मिळत नसते. तेवढी तयारीही दाखवावी लागते. स्पर्धेत ७२०, ९०० आणि शेवटी १०८० अंशांची गिरकी यशस्वीपणे घेणारी ती पहिली स्त्री. १०८० अंश म्हणजे हवेत पूर्ण तीन फेरे. २००५ मध्ये तिने हाफपाइपचे जागतिक विजेतेपद पटकावले. एक्स गेम्स या नामांकित स्पर्धेत २००७, २००८, २००९ आणि २०११ अशी चार सुवर्णपदके तिने जिंकली. २००९ मध्ये तेथेच दुसऱ्या एका प्रकारात पडून तिच्या पाठीचा मणका मोडला. बरी होताच ती पुन्हा बर्फावर उभी राहिली.

तिचे खरे स्वप्न ऑलिंपिकचे होते. त्यासाठी तिने वर्षानुवर्षे खटपट केली, आणि एप्रिल २०११ मध्ये स्की हाफपाइपला सोचीचे दार उघडले. मारी मार्तिनो तेव्हा खेळ सोडून संसारात रमली होती, तिला एक लहान मुलगी होती. सारा फ्रान्समध्ये तिला भेटली आणि पुन्हा मैदानात उतरण्याचा तिने आग्रह धरला.

१० जानेवारी २०१२ रोजी अमेरिकेतील पार्क सिटी येथे सराव करताना सारा पडली. मानेतील रक्तवाहिनी फाटून मेंदूत रक्तस्राव झाला आणि हृदय थांबले. १९ जानेवारीला तिने प्राण सोडला. वय अवघे २९. तिच्या इच्छेनुसार अवयव दान करण्यात आले.

पूर्वी गवयाला दरबारचा आश्रय असे. या व्यावसायिक खेळाडूंना तो कंपन्यांचा असतो. तो सराव राष्ट्रीय संघाचा नसून आश्रयदात्याच्या कार्यक्रमातला होता, म्हणून संघाचा विमा त्याला लागू झाला नाही. इस्पितळाच्या खर्चाचा डोंगर तिच्या माणसांपुढे उभा राहिला. तेव्हा जगभरच्या चाहत्यांनी वर्गणी काढून तीन लाख डॉलरांहून अधिक रक्कम उभी केली. आश्रयदात्याच्या कामात गुणी माणूस जायबंदी झाला तर त्याचा भार कोणी वाहावयाचा, हा आपल्या ओळखीचा जुना प्रश्न तेथे नव्या वेषात उभा राहिला.

सोचीत तिच्या नावाची चिठ्ठी शिरस्त्राणावर लावण्याची खेळाडूंची इच्छा ऑलिंपिक समितीने मान्य केली नाही. पण तिचे प्रशिक्षक ट्रेनन पेंटर यांनी तिची थोडी रक्षा बरोबर नेली होती. ज्या हाफपाइपमध्ये उतरण्यासाठी तिने इतकी वर्षे घालविली, तेथेच त्यांनी ती विखुरली. आणि तिच्या आग्रहाखातर परतलेली मार्तिनो त्या बर्फावरून रौप्यपदक घेऊन घरी गेली.