कुलाब्याची चुंबकसूची आणि सूर्याचा वारा

२ सप्टेंबर १८५९ रोजी मुंबईच्या कुलाबा वेधशाळेतील चुंबकसूची एकाएकी अस्वस्थ झाली. पृथ्वीच्या चुंबकीय बलाचा क्षितिजसमांतर घटक पाहता पाहता विलक्षण उतरला, आणि निरीक्षकांनी तो उतार वह्यांत टिपून ठेवला. आदल्याच दिवशी इंग्लंडमध्ये कॅरिंग्टन या ज्योतिर्विदाला सूर्यबिंबावर झगझगीत प्रकाश चमकून गेलेला दिसला होता. पंधरा कोटी किलोमीटरवर काही घडावे आणि त्याने मुंबईतील सूची हलावी! हा निरोप आणला कोणी?

तो आणला सौर वाऱ्याने. सूर्याच्या बाह्य वातावरणातून प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन यांचा झोत अखंड बाहेर पडत असतो. सेकंदाला सुमारे ४०० किलोमीटर हा त्याचा नेहमीचा वेग. १९५८ साली यूजीन पार्कर यांनी त्याचे गणित मांडले तेव्हा अनेकांना ते पटेना. परंतु १९६२ मध्ये मरिनर-२ या यानाने तो वारा प्रत्यक्ष मोजला. सूर्यावर मोठा उद्रेक झाला की या वाऱ्याचे वादळ होते. १८५९ चे वादळ अठरा तासांच्या आत पृथ्वीवर येऊन थडकले.

पण वाऱ्यातून वीज कशी निर्माण होते? जनित्रात चुंबकीय क्षेत्रातून तारेचे वेटोळे फिरले की तारेत प्रवाह सुरू होतो. येथे विद्युत्वाहक आहे तो वाराच, आणि चुंबक आहे आपली पृथ्वी. वाऱ्याने बरोबर आणलेले सूर्याचे चुंबकीय क्षेत्र दक्षिणाभिमुख, म्हणजे पृथ्वीच्या क्षेत्राच्या उलट असेल, तर दोहोंच्या बलरेषा एकमेकींस जोडल्या जातात आणि वाऱ्याची ऊर्जा आत शिरते. मग प्रवाह बलरेषांच्या वाटेने ध्रुवप्रदेशांकडे उतरतात, शंभर-सव्वाशे किलोमीटर उंचीवरील आयनांबरातून आडवे वाहतात आणि दुसऱ्या बलरेषांवरून परत अवकाशात चढतात. नॉर्वेच्या बिर्केलान यांनी विसाव्या शतकाच्या आरंभीच ही कल्पना मांडली होती; पुढे उपग्रहांनी तिला दुजोरा दिला. वादळात हे प्रवाह दहा लाख अँपियरच्याही वर जातात. शिवाय विषुववृत्ताच्या वर, दूर अवकाशात, पृथ्वीला वळसा घालणारा प्रवाहही बळावतो आणि खालचे चुंबकीय बल घटवतो. कुलाब्याच्या वह्यांत ठसा उमटला तो अशा प्रवाहांचा.

हे सारे आकाशातच घडून संपत नाही. वरचे प्रवाह बदलले की जमिनीवरील लांब तारांत प्रवाह उत्पन्न होतात. १८५९ मध्ये अमेरिकेतील काही तारायंत्रे बॅटरी काढून ठेवल्यावरही चालली, हे कौतुकाचे झाले. परंतु १३ मार्च १९८९ रोजी कॅनडातील क्वेबेक प्रांतात अशाच वादळाने वीजपुरवठा कोलमडला आणि साठ लाख लोक सुमारे नऊ तास विजेवाचून राहिले.

जानेवारी २०२४ मध्ये भारताचे आदित्य-एल१ हे यान पंधरा लाख किलोमीटरवरील आपल्या जागी पोहोचले. नेहमीच्या वेगाचा वारा तेथून येथवर येण्यास तासाभराहून थोडा अधिक वेळ घेतो. वादळ त्याहूनही लवकर येते. आपल्या हाती सावधगिरीसाठी अवधी आहे तो एवढाच.