बालवाडी कुणाच्या पदरात काय घालते?

बालवाडी म्हणजे चार गाणी, टाळ्या आणि वर खिचडी, अशी आपल्या पांढरपेशा मंडळींची समजूत. आपल्या पोराला गाणी घरीही मिळतात; तेव्हा तिथे विशेष काही घडत नाही, असे आपण खुशाल म्हणून टाकतो.

छावणीला खेटून असलेल्या आमच्या भिंगारात अंगणवाडीच्या दाराशी मी पुष्कळदा रेंगाळतो. दुकानदाराचा मुलगा येतो तो रंगांची नावे घोकूनच. त्याला इथे लाभतात ते सवंगडी. शेजारी धुणेभांडी करणाऱ्या बाईची चार वर्षांची मुलगी. घरी चित्रांचे पुस्तक नाही, आईला बोलायला सवड नाही. बोट धरून ‘हे काय गं?’ असे विचारणारे मोठे माणूस तिला इथेच भेटते. तक्ता एकच; पण त्याच्यासाठी ती उजळणी, हिच्यासाठी सारेच नवे.

अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या इप्सिलांटी गावी १९६२ ते १९६७ ह्या काळात १२३ गरीब कृष्णवर्णीय मुलांवर असा प्रयोग झाला. काहींना बालशाळा मिळाली, काहींना नाही. बुद्धिमापनातली आघाडी थोड्याच वर्षांत ओसरली. टीकाकारांना आनंद झाला असेल! पण संशोधकांनी ही मुले चाळिशीची होईपर्यंत पाठ सोडली नाही. मुलींचा लाभ शाळा पुरी करण्यात ठळक दिसला, मुलग्यांचा पोलीस-कचेरीपासून दूर राहण्यात.

हे झाले येणाऱ्यांचे. पण भिंगारच्या त्या दाराशी धाकट्याला कडेवर घेऊन नुसतीच उभी राहणारी सात-आठ वर्षांची ताईही असते. तिची स्वतःची शाळा बुडते ती निराळीच. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेने अंगणवाडी गावोगाव नेली खरी, पण काही तासांची अंगणवाडी आईच्या दिवसभराच्या मोलमजुरीला कशी पुरणार?

ही अडचण ताराबाई मोडकांनी फार पूर्वी ओळखली होती. १९४५ साली त्यांनी बोर्डीला काम मांडले. वस्तीतली मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात गेली. पुढे कोसबाडच्या टेकडीवर पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकत्र आणली. विकासवाडी ती हीच. धाकटे पाळण्यात, मधले खेळात, ताई वर्गात! आणि गुरांमागे जाणाऱ्या आदिवासी पोरांसाठी अनुताई वाघांनी कुरणातच शाळा भरवली. गुरे चरत राहिली, पोरे शिकत राहिली.