तारेंतला वेग आणि हवेंतला वेग

राउटरला तार जोडली कीं लॅपटॉपवर दर सेकंदास ९० मेगाबिट वेग भरतो. तोच लॅपटॉप तार काढून शेवटच्या खोलींत नेला कीं कसाबसा १५ उरतो. शहरांतील पुष्कळ घरांत आज असाच अनुभव येतो. मुलीची परीक्षा चालू असतां चित्र थिजतें, परदेशीं असलेल्या मुलाचा आवाज मध्येंच तुटतो. मग गृहस्थ कंपनीवर रागावतो आणि अधिक भाड्याची योजना घेतो. पैसे जातात, खोलींतला वेग मात्र होता तेथेंच राहतो. औषध घेतलें, पण दुखणें कोठें आहे हें पाहिलें नाहीं, असा हा प्रकार आहे.

दुखणें शोधण्याचा मार्ग सोपा आहे. लॅपटॉप एकच ठेवावा, आणि घरांतील इतर यंत्रांचीं कामें थांबवून वेग तीनदां मोजावा: प्रथम तारेनें, मग तार काढून राउटरपासून पांचसात हातांवर, शेवटीं दूरच्या खोलींत. तारेनेंहि वेग कमी भरला, तर कंपनीकडे तक्रार करण्यास जागा आहे. जवळ चांगला आणि दूर मंद भरला, तर दोष अंतराचा व भिंतींचा. जवळ बसूनहि मंदच भरला, तर दोष गर्दीचा, निवडलेल्या लहरींचा किंवा लॅपटॉपच्या जुनेपणाचा.

तार ही एकट्याची वाट आहे. तींत जाणें व येणें एकाच वेळीं चालतें. हवा ही सर्वांची आहे. वायफायच्या एका चॅनेलवर सामान्यतः एका वेळीं एकानेंच बोलावयाचें असतें. बाकीच्यांनीं वाट शांत होईपर्यंत थांबावयाचें. निरोप पोंचल्याची पावतीहि त्याच वाटेनें परत येते. शेजाऱ्याचा राउटर त्याच चॅनेलवर असला, तर त्याचीहि पाळी सांभाळावी लागते. म्हणूनच राउटरच्या खोक्यावर छापलेला आकडा प्रत्यक्षांत सहसा मिळत नाहीं.

राउटर बहुधा दोन प्रकारच्या लहरी वापरतो. २.४ गिगाहर्ट्झची लहर सुमारें साडेबारा सेंटिमीटर लांबीची. ती भिंतींतून बरी जाते. परंतु तेथें एकमेकांस न अडविणारीं चॅनेलें तीनच, १, ६ व ११, आणि मायक्रोवेव्ह ओव्हन व ब्लूटूथ यांचा गोंगाटहि तेथेंच. ५ गिगाहर्ट्झची लहर सुमारें सहा सेंटिमीटरांची. तिची वाट रुंद व मोकळी. पण दोन भिंती ओलांडतांना ती पुष्कळ क्षीण होते. म्हणून जवळच्या खोलींत ५ आणि दूरच्या खोलींत २.४ निवडून पाहावें.

राउटर लोखंडी कपाटामागें, आरशाजवळ किंवा माशांच्या टाकीशेजारीं असेल, तर तो तेथून काढून घराच्या मध्यभागीं उंचावर ठेवावा. धातु लहर परतवितो, पाणी ती शोषून घेतें. शेजाऱ्यांची गर्दी असेल, तर चॅनेल बदलावें. दूरच्या खोलीसाठीं रिपीटर घेतांना मात्र सावध असावें: ज्या चॅनेलवर तो ऐकतो त्याच चॅनेलवर पुन्हां बोलतो, तेव्हां वेग सुमारें निम्मा होतो. त्यालाच राउटरपासून तार दिली, तर ही हानि टळते.

टेलिव्हिजन, मेजावरचा संगणक अशीं एका जागीं राहणारीं यंत्रें तारेवर घ्यावींत. हवा मोबाईलसाठीं मोकळी राहते. एका वेळीं एकच बदल करावा आणि पुन्हां मोजावें. खर्चाचा विचार त्यानंतर.