पदवी मिळाली, पात्रता का अडते?

आपल्या गावोगावच्या ख्रिस्ती कुटुंबांत शिक्षकाच्या पेशाला पूर्वापार मान आहे. मिशनच्या शाळेतील गुरुजी हे कित्येक ठिकाणी गावाचे सल्लागार आणि रविवारी धर्मशिक्षण देणारेही असत. त्यामुळे मुलगी बी.एड. झाली म्हणजे घरात आनंदाला पारावार राहत नाही. परंतु पुढे शिक्षक पात्रता परीक्षेत ती दोनदा, तीनदा अनुत्तीर्ण होते आणि त्या आनंदाची जागा अबोला घेतो. "पदवी आहे ना, मग अडते कोठे?" असे शेजारी विचारतात. ह्या प्रश्नाचे उत्तर आईबापांनी समजून घेणे अगत्याचे आहे.

बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा २००९ साली झाला. त्यास अनुसरून २०१० मध्ये पहिली ते आठवीच्या शिक्षकांस ही परीक्षा आवश्यक ठरली. पहिली ते पाचवीसाठी एक प्रश्नपत्रिका, सहावी ते आठवीसाठी दुसरी. आज केंद्रीय परीक्षेत प्रत्येक प्रश्नपत्रिकेत १५० प्रश्न, १५० गुण आणि अडीच तासांचा अवधी असतो. उत्तीर्ण होण्यास साधारणतः ६० टक्के, म्हणजे ९० गुण लागतात. चुकीच्या उत्तराबद्दल गुण कापले जात नाहीत. असे असूनही नोव्हेंबर २०१२ च्या केंद्रीय परीक्षेत उत्तीर्णांचे प्रमाण शेकडा एकाहूनही कमी होते. एवढे सारे उमेदवार आळशी होते, असे कोण म्हणेल?

पहिले कारण पाठांतराची सवय हे होय. एक उदाहरण घेऊ. तिसरीच्या मुलाने ३२ आणि ४९ ह्यांची बेरीज ७११ अशी लिहिली. शिक्षिकेने काय करावे? फुली मारावी, उत्तर पाच वेळा लिहून घ्यावे, की त्याने ते कसे काढले हे त्यालाच विचारावे? दोन आणि नऊ अकरा, तीन आणि चार सात, असे त्याने शेजारी शेजारी मांडले आहे. त्याला बेरीज येते, दशक उमगलेला नाही. चिंचोके देऊन दहा-दहांचे ढीग करविले की चूक त्याची त्यालाच दिसेल. परीक्षेत अशी पारख विचारली जाते, आणि ती गाईडे पाठ करून येत नाही. पियाजे ह्या शास्त्रज्ञाचे नाव व बालविकासाच्या चार अवस्था आमच्या मुलींना मुखोद्गत असतात. पण वाटीतले दूध उंच पेल्यात ओतले की धाकटा भाऊ "आता जास्त झाले" म्हणतो, हेच पियाजेने सांगितले आहे, हे त्यांना कोणी दाखविलेले नसते.

दुसरे कारण शालेय पायाचे. पहिल्या प्रश्नपत्रिकेत ३० गुण गणिताचे आणि ३० परिसर अभ्यासाचे असतात. कला शाखेतून आलेल्या मुलीने दहावीनंतर अपूर्णांकांस हात लावलेला नसतो. तिसरे कारण भाषेचे. केंद्रीय परीक्षेत मराठी हा भाषाविषय घेता येतो. पण बालविकास, गणित इत्यादींचे प्रश्न हिंदी व इंग्रजीतच छापलेले असतात. मराठी माध्यमात शिकलेली मुलगी प्रश्न उलगडण्यातच वेळ घालविते.

चौथे कारण महाविद्यालयांचे. न्यायमूर्ती वर्मा आयोगाच्या २०१२ च्या अहवालाचा आधार देऊन २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात स्पष्ट म्हटले आहे की, दहा हजारांहून अधिक स्वतंत्र अध्यापक संस्थांपैकी बहुसंख्य संस्था गंभीरपणे शिक्षण देतच नाहीत, पैसे घेऊन पदव्या विकतात. जिथे सरावपाठ केवळ वहीत भरले जातात, तिथे मुलांशी गाठ पडणार कशी?

तेव्हा कुटुंबाने काय करावे? प्रवेशापूर्वी त्या संस्थेत सरावपाठ खरोखर होतात की नाही, ह्याची माजी विद्यार्थ्यांकडे चौकशी करावी. केवळ बी.एड. असल्यास पहिली ते पाचवीची नेमणूक मिळत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये दिला, हेही ध्यानी ठेवावे. उत्तीर्णतेचे प्रमाणपत्र २०२१ पासून आजन्म ग्राह्य धरले जाते; म्हणून एक वर्ष जास्त लागले तर आकाश कोसळत नाही. मुलीला रोज दोन तास निवांत मिळावेत, तिच्या वाटचे पाणी व भाकरी त्या वेळेपुरती दुसऱ्या कोणी पाहावी. पाचवी ते आठवीची गणिताची पुस्तके तिने पुन्हा सोडवावीत आणि संध्याकाळी वाड्यातील चार मुले घेऊन बसावे. पैसे घेऊन गुण वाढवून देतो म्हणणाऱ्यास मात्र उंबऱ्याबाहेरच ठेवावे. महाराष्ट्रात २०१९-२० च्या परीक्षेतील असा गैरव्यवहार उघडकीस आला, तेव्हा हजारो उमेदवारांची प्रमाणपत्रे रद्द झाली.

संत जॉन बाप्टिस्ट द ला साल ह्यांना १९५० साली पोप बारावे पायस ह्यांनी सर्व शिक्षकांचे आश्रयदाते घोषित केले. त्यांनी सतराव्या शतकात फ्रान्समध्ये गरिबांच्या मुलांसाठी शाळा काढल्या, आणि त्याबरोबरच शिक्षक घडविण्याचे कामही हाती घेतले. कारण गरिबाच्या मुलाला अर्धवट शिक्षक देणे हा त्याच्यावर दुहेरी अन्याय होय. ही परीक्षा कठीण वाटते खरी. परंतु तिच्या पलीकडे आपल्याच वस्तीतील लेकरू पाटी घेऊन बसले आहे. त्याच्या ७११ मागील विचार ओळखील अशी बाई त्याला मिळावी, ह्यासाठी आपल्या लेकीला धीर द्या आणि वेळही द्या.