चढणीचे मासे, काचेतला प्रवाह
मृगाचा पाऊस झाला, ओढ्यानाल्यांना पाणी आलं की कृष्णाकाठी, माहुलीपासून हरिपूरपर्यंत, चढणीच्या माशांची चर्चा सुरू होते. नदीतले मासे अंडी घालायला धारेच्या उलट ओढ्यांत चढतात. (रस्सा झकास होतो खरा, पण गाबोळीने भरलेली मादी पकडणं म्हणजे पुढच्या वर्षीचे मासे आत्ताच खाणं.)

पावसाच्या इतक्या गढूळ पाण्यात या माशांना दिशा कळते कशी? बाजारात रोहू घ्याल तेव्हा कुशीवर पाहा. कल्ल्यापासून शेपटीपर्यंत बारीक रेघ दिसेल. ती खवल्यांतल्या छिद्रांची रांग. आतल्या पेशींवरचे सूक्ष्म केस पाण्याच्या हालचालीने वाकतात आणि मेंदूला खबर जाते. डोळे आणि स्पर्शही मदतीला असतात.

घरच्या खाऱ्या पाण्याच्या काचेच्या मत्स्यटाकीतही मासे धार अशीच ओळखतात. पंप लावताच बरेच मासे धारेकडे तोंड करतात. वाहतं खाणं तिकडूनच येतं. टाकीतला प्रवाळ तर जागचा हलत नाही, वाहून येणारं अन्न आणि प्राणवायू त्याला पाण्यानेच आणून द्यायचा. म्हणून प्रवाह हवाच, पण एकाच जागी सतत आदळणारा नको. टाकीतला क्लाउनफिश मासा पोहण्यात तसा कच्चा. तो दिवसभर कोपऱ्यात दडून राहिला तर आधी पंपाचं तोंड काचेकडे फिरवून बघा.